मदत हवी आहे: मोटारसायकलच्या इंजिनात १०डब्ल्यू-३० ऑइल ठेवावे की २०डब्ल्यू-५० टाकावे?

रावेरकर: उद्या सकाळी ऑइल बदलायचे आहे, तेव्हा आज रात्रीच उत्तर मिळाले तर उपकार होतील. आतापर्यंत गाडीत १०डब्ल्यू-३० टाकत आलो आहे. पण या मे महिन्यात रावेरहून भुसावळला पोहोचेपर्यंत इंजिनाचा आवाज खरखरीत होतो आणि गिअर अडकत पडतात. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे २०डब्ल्यू-५० टाकले की आवाज बसेल. टाकावे का, एवढेच सांगा.

धुळेकर: गाडी कोणती, किती किलोमीटर चालली आणि माहितीपुस्तिकेत कोणता ग्रेड दिला आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चाळीसगावकर: खुशाल टाका. कन्नडचा घाट डबलसीट चढताना माझी गाडी याच ऑइलवर शांत चालते.

भुसावळकर: भाऊ, तुमच्या गाडीला कंपनीनेच तो ग्रेड सांगितला असेल, तर तुमचा अनुभव यांना लागू होत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला असून १० ची क्रँकिंग चाचणी (थंड इंजिन सुरू होताना फिरेल का, हे पाहणारी) उणे २५ अंशांवर, तर २० ची उणे १५ अंशांवर होते. आपल्या डिसेंबरातल्या पहाटेला दोन्ही पुरतात. पुढचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचे एकक) आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. इतका फरक असल्यामुळे किक मारल्यावर दाट ऑइल हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत, उशिरा चढते आणि अ‍ॅव्हरेजही घटते.

चाळीसगावकर: आकडे ठीक आहेत, पण हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरचे ऊन लागतेच, हे तुम्ही सोडून देता.

नंदुरबारकर: एवढा विचार कशाला? मी कारचे उरलेले ऑइल दुचाकीत वापरतो.

भुसावळकर: कृपया असा सल्ला देऊ नका. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लच प्लेट त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात आणि कारच्या अनेक ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. डब्यावर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ लिहिलेले असलेच पाहिजे.

यावलकर: गिअरविरहित स्कूटरला मात्र जासो एमबी चालते.

धुळेकर: स्कूटरचे कोणी विचारलेले नाही. रावेरकर, गाडी?

रावेरकर: स्प्लेंडर आहे, सत्तर हजारांच्या आसपास चालली आहे. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३०, जासो एमए असे आहे. मागच्या वेळी ऑइल कधी बदलले, ते नक्की आठवत नाही.

धुळेकर: मग तोच ग्रेड ठेवा. जुने ऑइल काढण्याआधी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा, थोडे थांबा, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या आणि पुसलेली डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहा, कारण आवाज ऑइल कमी झाल्यानेही येतो. पातळी बरोबर असेल, तर इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हपाशी ठेवलेला बारीक गॅप) तपासून घ्या. गिअरसाठी क्लचची केबल बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर ढील हवी, त्याहून जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडकतो. दाट ऑइलने टॅपेटचा आवाज दबेल, पण गॅप तसाच राहील.

चाळीसगावकर: जुन्या इंजिनाला थोडे दाट ऑइल मानवते, हे माझे मत कायम आहे. सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, म्हणजे ऑइल जळते आहे का, तेवढे सांगा.

रावेरकर: धूर नाही. डिपस्टिक आत्ता पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली आहे. उद्या १०डब्ल्यू-३०च टाकतो आणि टॅपेट व केबल त्याच वेळी तपासून घेतो.