प्रतिसाद: मधल्या विमानतळावर बॅग घ्यायची का?

मुलगी पहिल्यांदाच एकटी निघाली आहे आणि मध्ये विमान बदलताना बॅग परत घ्यायची का, असं तुम्ही विचारलंय. वेळेवर पोचण्याबद्दल वर सगळ्यांनी छान लिहिलंय, म्हणून मी फक्त बॅगेचं सांगते.

चेक-इनला सामानाच्या टॅगची छोटी पावती मिळते. तिच्यावर विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो. तो शेवटच्या मुक्कामाचाच आहे ना, हे तिने काउंटरवरून हलण्याआधी बघावं आणि तोंडी विचारूनही घ्यावं. विचारण्यात कसला संकोच! अमेरिकेत मात्र कोड पुढचा असला तरी, पहिल्यांदा उतरतो तिथेच बहुतेकदा इमिग्रेशननंतर बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा जमा करावी लागते. दोन प्रवासांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर जास्त जपा. बॅग घ्यायला बाहेर पडावं लागलं, तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

ती पावती जपून ठेवायला सांगा, फोटोही काढू दे. माझी बॅग एकदा आलीच नव्हती. पावतीवरच्या नंबरामुळे ती कुठे अडकलीय ते लगेच कळलं. अशी वेळ आली तर विमानतळ सोडण्याआधीच तक्रार नोंदवायची आणि तिचा कागद मागून घ्यायचा.

आणि हो, पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. औषधं आणि एक कपड्यांचा जोडही तिथेच राहू दे.