शब्दचर्चा : चीनमधली 'अफवा' आणि बातमीतली 'अटक'

प्रश्न : चीनच्या इंटरनेट-नियंत्रणावरच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणताना 'रूमर' दिसला की सगळे 'अफवा' लिहून मोकळे होतात. मूळ चिनी शब्द 'याओयान'. त्याला अफवा चालेल, की वदंता, आवई, कंडी यांतलं काही जवळ जातं?

उत्तर : वदंता नको. वदंता खरी निघू शकते, खोटीही. तिच्यासाठी चिनीत 'छुआनवन' हा वेगळा शब्द आहे. सरकारी भाषेतलं याओयान खोटंच असतं. तो आरोप 'कंडी'त बरोबर उतरतो, कारण कंडी कुणीतरी जाणूनबुजून पिकवतं. पण बातमीदाराने कंडी लिहिलं की पोलिसांचा आरोप तोच करतो असं होतं. म्हणून अफवाच ठेवा. 'अफवा खरी ठरली' असं आपण सहज म्हणतो, एवढी मोकळीक त्या शब्दात आहे. मात्र अफवा कोण म्हणतंय ते त्याच वाक्यात आलं पाहिजे : 'पोलिसांनी अफवा ठरवलेला संदेश'.

वूहानच्या बातम्यांत हेच निसटलं. 30 डिसेंबर 2019 रोजी वूहानचे नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वनलियांग यांनी डॉक्टर वर्गमित्रांच्या ग्रुपवर कळवलं की ह्वानान सीफूड बाजारातले सार्सचे 7 रुग्ण निघाले आहेत. 1 जानेवारीला पोलिसांनी खोटी माहिती पसरवल्यावरून 8 जणांना बोलावून कारवाई केल्याचं जाहीर केलं. ली यांनी 3 जानेवारीला ठाण्यात पोलिसांच्या समजपत्रावर सही केली. काही परदेशी बातम्यांत या सगळ्याची 'अटक' झाली. आपल्याकडे अशा कारवाईसाठी नेमका शब्दप्रयोग आहे : 'समज देऊन सोडले'. त्या समजपत्रात याओयान हा शब्दही नाही; 'सत्याला धरून नसलेलं वक्तव्य' अशा अर्थाचे शब्द आहेत. खाली दोन प्रश्न : हे थांबवाल का, आणि समजलं का? ली यांनी हाताने 'थांबवीन', 'समजलं' अशा अर्थाची उत्तरं लिहिली, त्यांवर लाल शाईचे अंगठे उठवले. आजार सार्स नव्हता, नवा कोरोनाविषाणू होता. पण इशारा खराच होता. 7 फेब्रुवारीला ली वारले आणि 19 मार्चला पोलिसांनी समज मागे घेतली. अशा माणसाबद्दल 'अफवा पसरवणारे डॉक्टर' लिहिणं हा अन्याय आहे, अवतरणचिन्हं घातली तरीही.

पुरवणी : 'डिटेन्शन'चंही असंच होतं. चीनच्या सार्वजनिक सुरक्षेच्या 2005 च्या कायद्यात, कलम 25 खाली, अफवा पसरवून सार्वजनिक व्यवस्था बिघडवल्यास 5 ते 10 दिवस डांबून ठेवण्याची तरतूद होती, वर 500 युआनपर्यंत दंड. ही शिक्षा पोलीसच देतात, न्यायालयात जावं लागत नाही. तिला 'पोलीस कोठडी' म्हटलं की मराठी वाचकाला न्यायदंडाधिकाऱ्याने तपासासाठी दिलेली कोठडी वाटते. 'स्थानबद्धता' म्हटलं की गुन्हा घडण्याआधीची प्रतिबंधक कारवाई. 'तुरुंगवास' तर सरळ चूक. 'पोलिसांनीच ठोठावलेली 10 दिवसांची कैद' लांब आहे, पण बरोबर आहे.

खरा तुरुंगवास वेगळ्या कलमांत येतो. 2015 च्या दुरुस्तीने फौजदारी कायद्यात आपत्ती, साथ, धोका वा पोलिसांना धावून जावं लागेल अशा घटनेविषयी खोटी माहिती रचून पसरवणं हा गुन्हा झाला : 3 वर्षांपर्यंत, परिणाम गंभीर असतील तर 3 ते 7 वर्षं. तिथे शब्द याओयान नाही, 'खोटी माहिती' आहे. भाषांतरातही तेच ठेवा.

प्रश्न : मग '500 वेळा फॉरवर्ड झालं की तुरुंग' हे काय?

उत्तर : तो सप्टेंबर 2013 मधला चीनचं सर्वोच्च न्यायालय आणि सर्वोच्च अभियोक्ता कार्यालय (सरकारी वकिलांची वरची संस्था) यांचा कायद्यावरचा खुलासा आहे, आणि तो अब्रुनुकसानीचा आहे. कुणाची बदनामी करण्यासाठी रचलेली खोटी गोष्ट 5000 वेळा पाहिली गेली किंवा 500 वेळा पुढे पाठवली गेली, तर प्रकरण 'गंभीर' धरायचं. 3 वर्षांपर्यंत शिक्षेचा दरवाजा त्याने उघडतो. आकडा एकटा पुरत नाही. गोष्ट खोटी आणि मुद्दाम रचलेली असावी लागते. मथळ्यात 'अफवा' आली की ही अट गळते. तिथे 'बदनामीकारक मजकूर' लिहावं.

आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 मध्येही 'खोटी माहिती' आणि 'अफवा' शेजारी शेजारी, पण वेगळ्या आहेत. मजकूर खरा मानायला वाजवी कारण असेल आणि तो सद्भावनेने पसरवला असेल, तर गुन्हा होत नाही, असा अपवादही तिथे आहे. चीनवरच्या बातमीत तुलना करायचीच झाली तर हा अपवाद सोडू नये.