मूळव्याधीचं ऑपरेशन: कापून, स्टेपलर की लेझर? कशानं किती दुखतं?

ट्रॅक्टरवाला_पंढरपूर
नमस्कार. वय 43, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. चार वर्षांपासून मूळव्याध. आधी नुसतं रक्त पडायचं, आता कोंब बाहेर येतात आणि बोटानं आत ढकलावे लागतात. इथले डॉक्टर म्हणाले, तिसरी पायरी आहे, कापून काढू. सोलापूरचे म्हणाले, स्टेपलरनं करू, फार दुखत नाही. एका ठिकाणी लेझरचा बोर्ड बघितला, त्यावर 'वेदनारहित' असं लिहिलंय. आमच्या चुलत्यांचं पूर्वी कापून झालं होतं, संडासातून त्यांचा आवाज अंगणापर्यंत यायचा. ती धास्ती अजून गेली नाही. ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी खरं सांगा. दिवाळीच्या आसपास कारखाना सुरू होईल, तोवर ट्रॅक्टरवर बसता येईल का?

तेजश्री_नाशिक
दादा, माझं बँडिंगही झालंय आणि कापूनही. सख्ख्या भावाचं स्टेपलरनं झालं. तिन्ही दुखणी जवळून बघितली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

2016 ला बँडिंग केलं. भूल नाही, दवाखान्यातल्या टेबलावरच दोन कोंबांना रबरी बँड लावले. दुखलं असं म्हणणार नाही. दडपण होतं, सारखं संडासला लागल्यासारखं वाटायचं. दोन दिवस पॅरासिटामॉल घेतली, तिसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवर बसले. सर्जननी चित्र काढून कारण समजावलं होतं. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटिमीटरवर एक रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला चिमटा किंवा काप फारसा कळत नाही. खालची त्वचा मात्र बोटाच्या टोकासारखी हळवी. बँड रेषेच्या वर बसतो. स्टेपलर म्हणजे कोंब वर ओढून आतल्या आत टाके मारणारं यंत्र, त्याचे टाकेही वरच पडतात. कापून काढताना जखम खालच्या त्वचेपर्यंत येते. तिन्हींच्या दुखण्यातला फरक मुख्यतः एवढ्यानं पडतो.

माझे कोंब पुन्हा आले, बाहेरची कातडीही लोंबायला लागली. तरी भीतीपोटी मी दोन वर्षं काढली आणि हिमोग्लोबिन 7.4 वर आलं. जिना चढताना धाप लागायची. दादा, तुमचं चार वर्षं रक्त जातंय, आधी हिमोग्लोबिन तपासा.

2019 ला कापून केलं. रोज रात्री वहीत दहापैकी आकडा लिहायचे, तो तसाच देते. पहिला दिवस 2, कारण मणक्यातल्या भुलेचा अंमल होता. दुसरा 6, नुसता ठणका. चौथ्या दिवशी पहिल्यांदा संडासला झाली, तो 9. मिरची चोळल्यासारखी आग मिनिटभर आणि त्यानंतर दीड तास कळ. ही कळ जखमेची नसते, आतला स्नायू आवळून धरतो त्याची असते. कोमट पाण्याच्या टबात बसलं की पाच-सात मिनिटांत तो सैल सुटलेला कळायचा. आठवा दिवस 4, चौदावा 2. तीन आठवड्यांनी कामावर गेले. चुरचुर थांबून जखम पूर्ण भरायला सहा आठवडे लागले. त्यानंतर आजवर रक्ताचा थेंब नाही.

भावाचं स्टेपलर 2018 चं. त्याचा आकडा कधी 4 च्या वर गेला नाही, आठव्या दिवशी तो दुकानात होता. पण दोन वर्षांत कोंब परत बाहेर. एका भावावरून कुणी ठरवू नये. पण ब्रिटनमध्ये 777 रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली आणि ती 2016 ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, तिचाही कल हाच होता. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं. दोन वर्षांचा हिशेब केला तर कापून घेतलेल्यांचं बरं चाललं होतं आणि त्रास परत येणंही त्यांच्यात कमी होतं.

म्हणून डॉक्टरांना 'किती दुखेल' याच्याबरोबर 'परत येईल का' हेही विचारा. बाहेरचा भाग किती आहे, हेही विचारा. दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडलीत, त्याचं उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

वॉर्डसिस्टर_पुणे
सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं आहे. ताईंनी लिहिलंय तसंच रोज बघते. लेझरमध्ये बारीक तार कोंबात घालून उष्णतेनं तो आकसवतात. बाहेरची जखम अगदी लहान, म्हणून कापण्यापेक्षा दुखणं नक्की कमी. पण 'वेदनारहित' लिहिणं चूक आहे. मोठे, बाहेर येणारे कोंब लेझरनंतर परत येण्याची शक्यता कापण्यापेक्षा जास्त असते.

पेशंटला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पहिल्या संडासच्या भीतीनं. जेवत नाहीत, दाबून धरतात, मग खडा होतो आणि तोच जखम फाडतो. गोळी दुखल्यावर नाही, वेळेवर घ्यायची. ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या गोळीनं पोट साफ होत नाही, ती दिली असेल तर संडास मऊ करणारं औषध सोबत हवंच. ऑपरेशनच्या वेळी तिथली नस बधिर करणारं इंजेक्शन देणार का, हे आधी विचारून ठेवा, त्यानं पहिली रात्र सोपी जाते. भुलेनंतर लघवी अडली तर लाजू नका, लगेच सांगा. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान थोडं रक्त दिसू शकतं. गाठी पडल्या, धार लागली किंवा ताप आला तर थांबू नका. आणि चाळिशी उलटल्यावर रक्त जात असेल तर ते मूळव्याधीचंच आहे, हे दुर्बिणीनं बघून घ्यावं.

सातारकर72
माझं आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात क्षारसूत्रानं झालं. कोंबाच्या बुडाशी औषधी दोरा बांधतात. दोरा गळून पडेपर्यंत आठवडाभर चांगलंच दुखलं, नंतर एकदम उतार पडला.

ट्रॅक्टरवाला_पंढरपूर
सगळ्यांचे आभार. ताई, आकडे लिहून ठेवलेत हे फार बरं केलंत, आता अंदाज आला. बाहेरची कातडी माझीही आहे, म्हणजे कापणंच दिसतंय. उद्या रक्त तपासतो. गणपतीआधी केलं तर जमेल? आणि चौथ्या दिवसाची तयारी काय केली होती?

तेजश्री_नाशिक
जमेल. ट्रॅक्टरचे हादरे आहेत, म्हणून सहा आठवडे पूर्ण धरा आणि जखम डॉक्टरांना दाखवूनच चढा. मी आठवडाभर आधीपासून रात्री दोन चमचे इसबगोल घ्यायचे, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी मऊ भात, मुगाचं वरण, पपई सुरू केली, उपाशी राहिले नाही. चौथ्या दिवशी गोळी घेतल्यावर पाऊण तासानं गेले, जोर केला नाही, पायाखाली पाट ठेवला होता. टब आधीच भरून दाराशी ठेवायला घरच्यांना सांगा. कळ सुरू झाल्यावर पाणी तापवत बसायला वेळ नसतो.