मदत हवी आहे: भाऊबीजेच्या जेवणात खुनाचा छडा

मंडळी, यंदा भाऊबीजेला सगळी चुलत-मावस भावंडं आमच्या दादरच्या घरी जेवायला येणार आहेत. ओवाळणी झाली की जो तो मोबाइलमध्ये डोकं घालतो, म्हणून जेवता जेवता खुनाचा छडा लावायचा खेळ ठेवतेय, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि पुराव्यांवरून खुनी ओळखायचा. इंग्रजीत तयार संच मिळतात, पण त्यातले लॉर्ड आणि बटलर आमच्याकडे कोणाच्याच तोंडी बसणार नाहीत.

म्हणून गोष्ट मीच रचतेय. १९६४ची दिवाळी, गिरगावातली चाळ. मार्चअखेरीस मुंबईची ट्राम कायमची बंद झालेली. चाळीचे मालक फराळाच्या ताटापुढे मरून पडलेत, चकली अर्धवट खाल्लेली आणि मुठीत ट्रामचं जुनं तिकीट. संशयित म्हणजे भाडं थकलेला बिऱ्हाडकरू, पुतण्या, गिरणीतला जॉबर (कामगार भरणारा मुकादम) आणि फराळ पाठवणाऱ्या शेजारीणबाई.

आता अडतंय ते इथे. जो खुनी होणार, त्या खेळाडूला तोच खुनी आहे हे आधीच सांगावं का? माझ्या मते सांगावं, म्हणजे त्याला नीट थापा मारता येतील. पण आमची धाकटी मंडळी चेहऱ्यावरूनच पकडली जातात. पहिला पुरावा कोथिंबीरवडीबरोबर आणि शेवटचा बासुंदीच्या आधी द्यायचा विचार आहे. मधे गरम पुऱ्या वाढताना खेळ तुटू नये म्हणून काय करता?

आणि मुख्य म्हणजे आजी. सणासुदीला घरात खुनाचं नाव नको म्हणते, आणि तिचं मन मला मोडायचं नाही. खुनाऐवजी ठुशीची चोरी ठेवली तर तेवढीच रंगत येईल का? कोणी असं केलं असेल तर जरूर सांगा.