चंद्रपूरची हवा सॅटेलाइटवरून कळते का?

वर्धाकाठ: मी चंद्रपूरचा, २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र जवळच, आईला दमा आहे, तर सॅटेलाइटचा डेटा बघून घराजवळची हवा कळेल का?

धूळपाटी: सेंटिनेल-५पी सॅटेलाइटवरचं ट्रोपोमी नावाचं यंत्र रोज नायट्रोजन डायऑक्साइड (इंधन जळून निघणारा वायू) मोजतं, २०१७ पासून वर फिरतंय, डेटा फुकट. पण एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, साधारण ५.५ बाय ३.५ किमीचा, म्हणजे तुमची गल्ली विसरा भाऊ, आणि मोजतं ते वरपर्यंतचा अख्खा थर, नाकाजवळची हवा नाही.

रानभूल: त्यात दुपारी दीडच्या सुमारास एकदाच जातं. पावसाळ्यात तर ढगांमुळे बोंबच! महिन्यांची सरासरी काढली की वीजकेंद्रं उठून दिसतात.

वर्धाकाठ: मग आईसाठी काय बघू?

धूळपाटी: जमिनीवरच्या हवा मोजणाऱ्या स्टेशनचं पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) बघा ना बाप्पा.