सरावानंतर एसजीओटी ११८ : दोष यकृताचाच असेल का?

प्रश्न (केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा असून सहा महिन्यांपासून पोलीस भरतीची तयारी करीत आहे. पहाटे १६०० मीटर धावणे, गोळाफेक आणि अलीकडे दंड-बैठकांची भर असा त्याचा दिनक्रम आहे. थकवा वाटतो म्हणून मागच्या आठवड्यात तो सरावावरून परस्पर तालुक्याला गेला आणि उपाशीपोटी रक्त देऊन आला. यकृताच्या तपासणीच्या अहवालात एसजीओटी ११८, एसजीपीटी ६४, काविळीचे पिवळे द्रव्य म्हणजे एकूण बिलिरुबिन २.२ (त्यांपैकी डायरेक्ट ०.४), अल्कलाइन फॉस्फेटेज ८८, जीजीटी २२ आणि अल्ब्युमिन ४.३ असे आकडे आहेत.

एसजीओटी जास्त आणि एसजीपीटी कमी म्हणजे दारूच, असे शेजारच्या एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितल्यापासून बाबा त्याच्याशी बोलत नाहीत. भाऊ दारूला शिवत नाही, हे मला ठाऊक आहे. आई त्याला रविवारी काविळीचे औषध देणाऱ्याकडे नेणार आहे. महिन्याभरापूर्वी त्याने चार दिवस कपाशीवर फवारणी केली होती, हेही नमूद करते. यकृताखेरीज दुसरे कारण असू शकते का?

उत्तर (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वर्धा)

ताई, या तपासणीचे नाव ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ असले, तरी एसजीओटी हे द्रव्य यकृताइतकेच स्नायूंत, हृदयात आणि तांबड्या रक्तपेशींतही असते. एसजीपीटी मात्र बहुतांशी यकृतातले. त्यामुळे रक्त काढताना किंवा नळी मोटारसायकलवरून हिंदकळत शहरापर्यंत येताना पेशी फुटल्या, तरी एसजीओटी वाढलेला दिसतो. अशा नमुन्यावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असतो. अहवालाच्या तळाशी तो आहे का, ते पाहावे. शेरा नसेल, तर सरावाकडे बोट जाते. कसून व्यायाम केल्यानंतर स्नायूंतून हे द्रव्य रक्तात उतरते आणि आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ वाढलेले राहू शकते. सीपीके ही स्नायूंतले द्रव्य मोजणारी साधी चाचणी केली, तर स्नायूंचा वाटा लगेच उघड होतो.

उत्तर (फिजिशियन, चंद्रपूर)

रुग्णाला न तपासता निदान सांगता येणार नाही. आकडे काय सुचवतात, एवढेच लिहितो. शेजाऱ्यांचे बोलणे अर्धे खरे आहे. दारूमुळे यकृताला सूज येते, तेव्हा एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असणे नेहमीचे आहे. पण त्याच रुग्णांत जीजीटी हे यकृत व पित्तमार्गातले द्रव्यही सहसा चांगलेच वाढलेले असते आणि तुमच्या भावाचे ते २२ आहे. जीजीटी स्नायूंतून येत नाही. एका गुणोत्तरावरून मुलाला दारुडा ठरवणे हा अन्याय आहे आणि बाबांना हे कोणीतरी समोर बसून समजावले पाहिजे.

दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत, म्हणजे हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’मध्ये, एसजीपीटी बहुधा अनेक शेकड्यांत, कधी हजारांत जातो, डायरेक्ट बिलिरुबिन वाढते आणि लघवी गडद होते. पित्ताच्या मार्गात खडा अडकला, तर अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी वर जातात, अंगाला खाज सुटते, शौच फिकट होते. येथे वाढलेले बिलिरुबिन इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेले आहे, ते लघवीत उतरत नाही. याची दोन कारणे प्रामुख्याने पाहावी लागतात : तांबड्या पेशी लवकर फुटणे किंवा गिल्बर्ट नावाची जन्मजात, निरुपद्रवी ठेवण. गिल्बर्टमध्ये उपवास, ताप किंवा अतिश्रम झाले की बिलिरुबिन थोडे चढते, आणि भावाने तर उपाशीपोटी, धावून आल्यावर रक्त दिले आहे.

दहा दिवस सराव पूर्ण थांबवावा आणि मग जेवणाच्या वेळा सांभाळून ही तपासणी पुन्हा करावी. सोबत सीपीके, हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी), सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आणि हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ करून घ्यावे. या दोन हिपॅटायटिसची तपासणी आणि उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. अंगदुखीच्या गोळ्या किंवा जिमवाल्याने दिलेली पावडर चालू असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी. मात्र उलट्या थांबत नसतील, पोट फुगत असेल, झोप-जाग उलटसुलट होऊन बरळणे सुरू झाले असेल, तर दहा दिवस थांबू नये.

उत्तर (निवृत्त आरोग्य सेविका, गडचिरोली)

काविळीच्या औषधाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हातावर चुना चोळून पाणी पिवळे करून दाखवणारे मी अनेक पाहिले. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातूनही पाणी पिवळे होते. त्याहून धोका पोटात जाणाऱ्या जडीबुटीचा आणि नाकात सोडायच्या थेंबांचा, कारण त्यांत काय आहे, हे देणाराही सांगत नाही आणि काही वनस्पती यकृतालाच इजा करतात. आईला मोडता घालण्यापेक्षा, “दुसरी तपासणी येईपर्यंत थांबू,” एवढेच म्हणावे.

सिकलसेलची तपासणी टाळू नये. आपल्या भागात हा आजार अनेक कुटुंबांत आहे आणि त्यात पेशी फुटल्याने डोळे पिवळे होतात. केवळ वाहक असलेल्याचे बिलिरुबिन सहसा त्यामुळे वाढत नाही, आणि प्राथमिक चाचणी वाहकातही सकारात्मक येते, म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करूनच घ्यावी. फवारणीच्या विषबाधेत घाम, लाळ, अंधुक दिसणे, उलट्या ही लक्षणे बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर हातमोजे आणि तोंडावरील आच्छादनाशिवाय पंप पाठीवर घेऊ देऊ नये, मग तपासणी काहीही येवो.

प्रश्नकर्तीचे उत्तर (पंधरा दिवसांनी)

भावाने कुरकुरत का होईना, बारा दिवस विश्रांती घेतली. आता एसजीओटी ३६, एसजीपीटी ३१, सीपीके सामान्य. बिलिरुबिन १.७ असून अजूनही बहुतेक इनडायरेक्ट आहे. हिमोग्लोबिन व रेटिक्युलोसाइट ठीक, सिकलसेल व दोन्ही हिपॅटायटिस नकारात्मक. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांच्या मते गिल्बर्टच असावे. बाबा काही बोलले नाहीत, पण काल पहाटे घड्याळ घेऊन त्याच्यासोबत रस्त्यावर गेले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हे बिलिरुबिन आड येईल का?

उत्तर (फिजिशियन, चंद्रपूर)

अंतिम निर्णय त्या वेळच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो. दोन्ही अहवाल आणि डॉक्टरांची लेखी नोंद फाइलमध्ये ठेवावी. तपासणीआधीचा आठवडा कठोर सराव करू नये आणि उपवास धरू नये.