फ्लीटवुड मॅक आधी ब्लूज बँड होता म्हणे?

पट्टीचोर: फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' अल्बम मला पाठ आहे. आता कळतंय की हा बँड मुळात ब्लूजवाला, आणि 'ब्लॅक मॅजिक वूमन' सान्तानाचं नसून यांचं. खरं का? मी गिटार शिकतेय, तेव्हा वाजवणाऱ्यांच्या अंगाने सांगा.

जुनी तबकडी: खरंय. १९६८ चं गाणं, या बँडचा गिटारवाला पीटर ग्रीनचं. गिटारवाला सान्तानाने १९७० मध्ये घेतलं आणि लोकांनी ते त्याच्याच खात्यावर मांडलं.

ग्रीन लंडनचा. जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये नामांकित गिटारवाला एरिक क्लॅप्टनच्या जागी उभा राहिलेला पोरगा. (त्या जागी उभं राहायलाही छाती लागते.) १९६७ मध्ये स्वतःचा बँड काढला आणि नाव दिलं ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांचं. गंमत म्हणजे मॅकव्ही तेव्हा मेयॉलकडेच होता. बँडला नाव आधी लागलं, माणूस मागून आला! पहिला अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. मग 'अल्बट्रॉस' ही धून: शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, आणि जानेवारी १९६९ मध्ये थेट पहिला नंबर. बीटल्सना 'सन किंग' त्यावरूनच सुचलं.

सोल्डरवाला: सगळी जादू गिटारची. ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्ये नेक पिकअपचं (पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, नेक म्हणजे मानेकडचा) चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की आवाज पोकळ, नाकातला येतो. तीच गिटार पुढे गिटारवाला गॅरी मूरकडे गेली, आता मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. पट्टीचोर, चुंबक फिरवून घ्या.

जुनी तबकडी: अहो, नवशिकीला कुठे गिटार उघडायला लावता! बँडचं 'नीड युअर लव्ह सो बॅड' ऐका. त्यात ग्रीन किती कमी वाजवतो ते बघा. गाण्याची ओळ संपते, मग गिटार दोन शब्द बोलते आणि गप्प बसते. ब्लूजचा मोठा गिटारवाला बी. बी. किंगला याच्या वाजवण्याने घाम फुटायचा, तो चुंबकामुळे नव्हे.

यांच्याच 'ओह वेल' गाण्यात बँड थांबतो, गाणारा एकटा म्हणतो, परत बँड तुटून पडतो. लेड झेपलिन या रॉक बँडने आपल्या 'ब्लॅक डॉग' गाण्याला हीच रचना घेतली.

पट्टीचोर: मग पॉपकडे कसे वळले?

जुनी तबकडी: ग्रीनने मे १९७० मध्ये बँड सोडला. एलएसडी (भास घडवणारं मादक द्रव्य), ढासळलेलं मन, पैशाचा तिटकारा. त्याच्या 'ग्रीन मनालिशी' गाण्यातला राक्षस म्हणजे पैसाच. पुढे माणसं येत-जात राहिली, १९७५ च्या तोंडावर गिटारवाला लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स आले. तिथून तुम्हाला पाठच आहे. फ्लीटवुड आणि मॅकव्ही मात्र तेच, म्हणून 'रूमर्स' परत लावाल तेव्हा गाणं सोडून बेस आणि ड्रम ऐका. शिकायला सुरुवात 'अल्बट्रॉस'पासून करा. सूर थोडे आहेत, पण घाई केली की लगेच उघडं पडायला होतं.